आधी जुनं संपू दे

क्रीट,
जानेवारीतला पहिला रविवार

प्रिय एवांथियाताई,

पत्र पाहून घाबरू नकोस. बाबा आहेत. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू वाईटच धरून चालणार हे मला ठाऊक आहे. मागच्या वेळी फोनवर तू विचारलंस, "बाबा बरे आहेत ना?" आणि मी "बरे आहेत" म्हणालो. ते समोरच्या खुर्चीवर बसून बूट पुसत होते. तुझा फोन आला की ते बूट पुसायला घेतात, पुसून झालेले असले तरी. त्यांच्यासमोर मी काय बोलणार? आणि तसंही फोनवर माझे शब्द पुढेमागे होतात. लिहिताना निदान खोडता येतं. हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, आता शब्दकोश शेजारी ठेवून पक्कं करतोय. माझी शाळा अर्ध्यात सुटली, पण तू लाल पेन्सिल घेऊन माझ्या डोक्याशी बसायचीस ती सवय काही सुटली नाही. चुकीचा शब्द लिहिला की अजून मान आखडते.

तुला न सांगितलेलं आता सांगतो. जुलैत वरच्या बांधाजवळच्या ऑलिव्हच्या झाडांखालचं गवत काढताना बाबा खाली बसले ते उठेचनात. घामाने निथळत होते, ओठ पांढरे पडले होते. मी धावत गेलो तर म्हणतात, "ऊन लागलंय रे. बोंबलू नकोस, शेजारच्या मळ्यात ऐकू जाईल." एका हाताने छाती गच्च धरलेली आणि म्हणे ऊन. शहरातल्या इस्पितळात नेलं. हृदयाचा झटका होता. बुजलेली वाहिनी नळी घालून मोकळी केली, गोळ्या दिल्या आणि पुढचा झटका असा सांगून येणार नाही म्हणून बजावलं. तुला कळवायचं नाही अशी बाबांनी मला शपथ घातली. म्हणाले, "आईसाठी तिला येता आलं नाही. आता माझ्यासाठी धावत आली, तर तिला स्वतःलाच ते बरं वाटणार नाही." हे वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. तेव्हा मला वाटलं होतं की हा त्यांचा राग आहे. आता तसं वाटत नाही.

गावच्या दवाखान्यात यंदा दानाई नावाची तरुण डॉक्टरीण आली आहे, थेसालोनिकीची. शहरातली असली तरी नाक मुरडत नाही, घरी येऊन बाबांचा रक्तदाब बघते. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, जेवणात काय असतं? बाबा खुर्चीत ताठ झाले. "तेल असतं, बाई. बाकीचं सगळं तेलात बुडवायला असतं. माझा बाप हेच खाऊन म्हातारपणी डोंगर चढत होता." ती म्हणाली, "तुमचे वडील चढत होते. तुम्ही ट्रॅक्टरवर बसून जाता." बाबांना हे आवडलं. त्यांना तोंडावर बोलणारी माणसं आवडतात, तुला माहीत आहे. मग तिने विचारलं, तेल कुठलं, कधीचं, ठेवता कुठे? मी तिला कोठीत नेलं. आपला मोठा रांजण, त्याचं लाकडी झाकण. तिने झाकण उचलून वास घेतला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेल खवट झालं होतं. मला वास माहीत होता, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तो पहिल्यांदा दिसला.

मग ओट्यावर बसून तिने मला समजावून सांगितलं, आणि मी तो अवघड शब्द तिच्याकडून कागदावर लिहून घेतला, अँटिऑक्सिडंट. मला कळलं ते असं: लोखंडाला जसा हवेने गंज धरतो, तशी रक्तातली चरबी आतल्या आत बिघडते आणि मग ती वाहिन्यांना चिकटून बसते. ताज्या तेलात त्या बिघाडाला अडवणारं काहीतरी असतं. फळ हिरवं असताना काढलेल्या तेलात ते सगळ्यात जास्त. ते तेल जिभेला कडू लागतं, घशाला झोंबतं, ठसका लागतो. तो ठसका म्हणजेच ते. पण हवा, उजेड आणि ऊब लागली की ते हळूहळू उडून जातं, आणि मागे उरतं ते नुसतं तेल, तेही खवट. "तेल म्हणजे औषध नव्हे," ती दोनदा म्हणाली, "गोळी एकही चुकवायची नाही. पण रोज खायचंच आहे तर चांगलं खा. हे काढून टाका, यंदाचं नवं आलं की ते उघडा." बाबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "उघडू की. आधी जुनं संपू दे."

आपल्या घरात हे वाक्य आजीच्या आधीपासूनचं आहे. आधी जुनं संपवायचं, मग नव्याचं झाकण काढायचं. गावात दुसरं घर दाखव जिथे हे चालत नाही. म्हणून तर आपण सगळे जन्मभर मागच्या सालचं तेल खात आलो आणि ताजं तेल कोठीत बसून शिळं होत राहिलं. फक्त आई तेवढी घाण्यावर पाव घेऊन जायची आणि धार पडायला लागली की पहिल्या धारेखाली तो धरायची. बाबा ओरडायचे, "घरी मागच्या सालचं अर्धा रांजण आहे, आणि ही इथे भिकाऱ्यासारखी पाव घेऊन उभी!" आई तोंड भरलेलं असतानाच म्हणायची, "भिकाऱ्यालाच ताजं मिळतं, धन्याला शिळं."

गेल्याच्या आधीच्या नोव्हेंबरची सुगी तू पाहिली नाहीस म्हणून सांगतो. फळ लवकर काढायचं की उशिरा, हे त्या दोघांचं भांडण लग्नापासूनचं. बाबांना काळं, पिकलेलं फळ हवं, म्हणजे तेल भरपूर निघतं. आईला हिरवं हवं, तेल निम्मं निघालं तरी चालेल. त्या वर्षी, कोण जाणे का, बाबांनी हार मानली. सकाळी उठून जाळी ट्रॅक्टरवर टाकली आणि म्हणाले, "चल, तुझं कडू काढून आणू, एकदा तुझा जीव शांत होऊ दे." आई दिवसभर झाडांखाली गुडघ्यांवर बसून पानं निवडत होती आणि गात होती. तिचा आवाज किती बेसूर होता ते तू जाणतेस. घाण्यावर तिने बाबांच्या तोंडात पावाचा तुकडा कोंबला. बाबांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि घाणेवाला म्हणाला, "वहिनी, नवऱ्याला मारायचं तर विष स्वस्त पडेल." आई भिंतीला टेकून हसत राहिली. त्याच तेलाचा डबा तुझ्याकडे आला. आपल्या गावचा निकोलीस तुमच्या मेलबर्नला परत निघाला होता, त्याच्याबरोबर तिने तो दिला. झाकणावर निळ्या रंगाने तुझं नाव लिहिलं, ब्रश जाड होता म्हणून शेवटची अक्षरं बाजूवर उतरली, आणि डब्याला स्वतःचा डोक्याचा रुमाल बांधला. फेब्रुवारीत ती अंगणात कपडे वाळत घालताना पडली. पुढचं तुला माहीत आहे.

म्हणजे रांजणात होतं ते तेल कुठलं, हे तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मला वाटायचं, बाबा हट्टी आहेत, कंजूष आहेत. माझ्यासाठी त्यांनी शेजाऱ्यांकडून वेगळं तेल आणून ठेवलं होतं. "तू तरुण आहेस, तुला चांगलं हवं," म्हणायचे आणि स्वतःच्या उकडलेल्या रानभाजीवर रांजणातलं चमचाभर घालायचे. पूर्वी बाबांच्या ताटात भाजी तेलात पोहायची, आणि आता चमचा! रोज सकाळी कॉफीच्या आधी ते कोठीत जात. एकदा मी मागून गेलो. झाकण उचलून ते नुसते उभे होते. काढत नव्हते काही. मी म्हणालो, "बाबा, झाकण असं उघडं ठेवू नका, हवा लागते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." ते म्हणाले, "लागू दे." आणि तसेच उभे राहिले. मी कोठीच्या खिडकीला गोणपाट ठोकलं, उजेड येऊ नये म्हणून. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं. तेव्हा म्हणाले, "तेल आहे की नवी नवरी, पडद्यात ठेवायला?" पण गोणपाट काढलं नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासणीसाठी मी त्यांना शहरात घेऊन गेलो. एक रात्र तिथेच राहावं लागलं. घराची किल्ली गारिफालिया आत्याकडे होती. आत्याचं प्रेम तुला माहीत आहे. ते झाडू घेऊन येतं. आम्ही परतलो तर अंगणात काहीलीखालची राख अजून गरम होती, कोपऱ्यात कॉस्टिक सोड्याचा रिकामा डबा पडला होता आणि फळीवर साबणाच्या वड्या सुतात कापून मांडलेल्या. आत्या बाह्या वर करून उभी, तोंडभर हसू, बाबांना म्हणते, "बघ मनूसोस, कसा उतरलाय! त्या रांजणाचा सगळ्या घरात वास मारत होता. घासून लख्ख केलाय, उद्या नवं तेल आलं की सरळ ओतायचं. डॉक्टरीण म्हणालीच ना, विष आहे म्हणून?" डॉक्टरीण असं काही म्हणाली नव्हती. पण खवट तेलाचा साबण करायचा, हे आपल्याकडे बायका डोळे मिटून करतात. आत्याचं तरी काय चुकलं? बाबांनी टोपी काढली, एक वडी उचलली, उलटीपालटी करून पाहिली, नाकाशी धरली. म्हणाले, "चांगला झालाय, गारिफालिया. पांढराशुभ्र झालाय." मग खुर्चीवर बसले. त्या वड्या त्यांनी आईच्या कपाटात तिच्या कपड्यांमध्ये ठेवल्या आहेत. आत्या हात धुवायला साबण मागते तेव्हा तिला मी दुकानातला देतो.

त्या दिवसापासून बाबा तेल खात नाहीत, ताई. जुनं नाही, नवं नाही, कुणाच्याच घरचं नाही. पाव कोरडा, भाजी कोरडी, डाळ नुसती मीठ घालून. पहिल्या आठवड्यात आत्याला वाटलं, पोट बिघडलंय. मग तिचा आवाज चढला, "रोज काय गुड फ्रायडेचा बिनतेलाचा उपास आहे का रे? देवसुद्धा तिसऱ्या दिवशी उठला, तू कधी उठणार?" बाबा पाव पाण्यात भिजवून खात राहिले. त्यांच्या शर्टाची गळपट्टी आता एवढी सैल झाली आहे की आत मूठ जाईल. डोंगराकडे जात नाहीत. गोळ्या घेतात, कारण मी पाण्याचा पेला धरून समोर उभा राहतो. मी दानाईबाईंना विचारलं, तेल न खाल्ल्याने हृदयाला किती धोका? तिने रक्तदाबाचं यंत्र पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "तेल सोडल्याने लगेच काही होणार नाही, सिफिस. पण ज्या कारणासाठी त्यांनी सोडलंय, त्यावर माझ्याकडे गोळी नाही. जेवण सुटलेला माणूस दुसरा झटका सोसत नाही."

नोव्हेंबरमध्ये मी फळ हिरवंच काढलं. एकट्याने. बाबा येऊन बांधावर बसले, जाळ्यांची टोकं धरायला उठले आणि परत बसले. तेल आईच्या वेळेसारखंच उतरलं, हिरवंगार, मी चाखलं तर कितीतरी वेळ खोकत राहिलो. मी ते स्टीलच्या बंद डब्यात अगदी काठोकाठ भरलंय, आत हवा राहू नये म्हणून, आणि कोठीत सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलंय. रांजण लख्ख आणि रिकामा आहे, त्याच्याकडे पाहवत नाही. मी बाबांना म्हणालो, "आता तर जुनं संपलं ना? आता उघडूया." ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. मला समजावून सांगतात तसं शांतपणे म्हणाले, "संपलं नाही रे. गेलं. संपणं वेगळं. संपताना माणूस ताटावर असतो, शेवटचं पावाने पुसून घेतो. हे असं गेलं." मी पाठमोरा होऊन डब्याचं झाकण घट्ट आहे का ते पाहिलं. घट्टच होतं.

आणखी एक गोष्ट, जी तुला कुणी सांगितली नसेल. आई गेली त्या दिवशी तू फोनवर रडत म्हणालीस, मिळेल त्या विमानाने निघते, आणि बाबा म्हणाले, "आता येऊन कुणाला भेटणार?" आपल्याकडे गेलेलं माणूस दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवत नाहीत, तू पोचणार नव्हतीसच. पण तू ते वाक्य दार लावल्यासारखं ऐकलंस, आणि तेव्हापासून फोन मला करतेस, त्यांना देऊ का विचारलं तर "राहू दे" म्हणतेस. मी तेव्हा त्यांच्या शेजारी उभा होतो. फोन ठेवल्यावर ते हेच वाक्य पुन्हा म्हणाले, भिंतीकडे बघत, कुणालाच नाही. "आता येऊन कुणाला भेटणार." ते तुला विचारत नव्हते, ताई. बाहेरून घरी येताना ते अजून तसंच पुटपुटतात.

आता हे पत्र का लिहिलं ते लिहितो. नाताळच्या दिवशी आत्याने डुकराचं मटण आणि सेलेरी केली होती. बाबांनी पाव आणि संत्रं खाल्लं. आत्या भांडी घेऊन आत गेली तशी ते टेबलाकडे बघत म्हणाले, "एवांथियाकडे असेल का रे अजून?" आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, "काय?" म्हणाले, "तो डबा. निळ्या अक्षरांचा." मग लगेच, "संपवला असेल. संपवायलाच दिला होता. पोरंबाळं आहेत घरात." आणि उठताना, "तिला विचारू नकोस." म्हणून मी विचारत नाही, लिहितोय. फेब्रुवारीत आईच्या वर्षाची प्रार्थना आहे, शनिवारी, म्हणजे बुधवार-शुक्रवारच्या उपासासारखी तेलाला बंदी नाही. तू ये. तो डबा घेऊन ये. पोस्टाने पाठवू नकोस. विमानात तो हातात घेऊ देत नाहीत, मी चौकशी केली आहे. सामानाच्या पेटीत मधोमध ठेव, झाकणावरून प्लास्टिक घट्ट बांध आणि वरून आईचा रुमाल. तेल आता खवट झालं असेल, पण एका जेवणाने कुणाचं हृदय बंद पडत नाही, मी दानाईबाईंना विचारून घेतलंय. आपण तिघं टेबलावर बसू, थोडं ताटात घेऊ, उरलेलं तिच्या थडग्यावरच्या दिव्यात घालू, आणि ताटातलं शेवटचं बाबा पावाने पुसून घेतील. मग मी कोठीतून नवं आणतो. आणि जर तू तो डबा कधीच संपवला असशील, तर मनाला लावून घेऊ नकोस आणि दुकानातलं तेल भरून आणू नकोस, पहिल्या घासालाच त्यांना कळेल. रिकामा असेल तर रिकामा आण. त्यांना तो संपलेला दिसू दे. तो त्यांच्या हातात तू दे.

तुझाच,
सिफिस